मांडवीची चिठ्ठी आणि शहाद्याचा पिंगळा

शहाद्याकडच्या एका जिनिंगमध्ये मी अठ्ठावीस वर्षं हिशेब लिहिले. पक्षिशास्त्र कुठल्या वर्गात बसून शिकलो नाही. तालुक्याच्या वाचनालयातली जाड पुस्तकं, रद्दीत सापडलेले अंक आणि शब्दकोश एवढ्यावर जे जमलं ते जमलं. त्यामुळे एखादी गोष्ट छापून आली की ती खरीच, असं मी बराच काळ धरून चाललो. हा लेख एका पक्ष्याविषयी आहे आणि एका खोट्या नोंदीविषयीही. त्या खोट्या नोंदीवर माझासुद्धा पूर्ण विश्वास होता, हे आधीच सांगून टाकतो.

पक्षी म्हणजे रानपिंगळा. आपल्या गावाभोवती, आंब्याच्या ढोलीत, जुन्या वाड्याच्या वळचणीला जो चिरचिर करणारा पिंगळा असतो त्याचा हा भाऊबंद. उंची जेमतेम वीतभर. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाटीने असतात; रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, राखी-तपकिरी. पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले आणि नखं अंगाच्या मानाने थोराड. आणखी एक गोष्ट म्हणजे हा दिवसाउजेडी वावरतो. हिवाळ्यात सकाळी निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो. घुबडाच्या जातीला हे शोभत नाही, पण तो तसा आहे खरा.

त्याचा कागदोपत्री जन्म १८७३ सालचा. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट यांना आताच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात एक वेगळाच पिंगळा मिळाला. त्यांनी तो ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवला. काँग्रेसच्या स्थापनेमुळे शाळेच्या पुस्तकात भेटतात तेच हे ह्यूम. राजकारणाच्या आधी त्यांचा सारा जीव पक्ष्यांत होता आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं नियतकालिक ते स्वतः चालवत. त्यात त्यांनी या पक्ष्याचं वर्णन छापलं आणि ब्लेविट यांचं नाव त्याला दिलं. पुढे १८७७ मध्ये भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले व्हॅलेंटाइन बॉल यांना दुसरा नमुना मिळाला, तो आताच्या ओडिशातल्या खरियार भागात.

मग गोष्ट आमच्या खानदेशात येते. जेम्स डेव्हिडसन हे मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतले अधिकारी. १८८०च्या सुमारास ते खानदेशात होते. तेव्हा खानदेश एकच जिल्हा होता, धुळे हे त्याचं मुख्य ठाणं, आणि सातपुड्याच्या पायथ्याचा तळोदे-शहादे भाग म्हणजे हिवतापाचा मुलूख. तिथे बदली झाली की माणूस देवाचं नाव घ्यायचा. डेव्हिडसन मात्र त्या रानात बंदूक आणि वही घेऊन हिंडले. पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८८२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये आली. पुढे ते कारवारकडे कलेक्टर झाले. तिथल्या पक्ष्यांवरही त्यांनी लिहिलं. रानपिंगळ्याचे पाच नमुने त्यांनी तळोदे-शहादे पट्ट्यात मिळवले.

एक, एक आणि पाच, म्हणजे झाले सात. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला दिसला नाही.

पुस्तकांत मात्र आणखी एक नोंद असे. ऑक्टोबर १९१४, तापीकाठचं मांडवी, गुजरात. नमुना मिळवणारा कर्नल रिचर्ड माइनर्ट्सहागेन. हा माणूस (१८७८–१९६७) ब्रिटिश सैन्यातला, गुप्तहेर खात्यात गाजलेला. पहिल्या महायुद्धात तुर्कांच्या हाती मुद्दाम खोट्या कागदांची पिशवी पडू दिल्याची कथा तो स्वतः रंगवून सांगायचा. पक्षीसंग्राहक म्हणून त्याचा दबदबा मोठा होता. त्याने सुमारे वीस हजार नमुन्यांचा संग्रह १९५४ मध्ये लंडनच्या संग्रहालयाला दिला, आणि मांडवीचा पिंगळा त्यातच होता.

१९१४ची नोंद ही सर्वांत अलीकडची. त्यामुळे शोध घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करायची, हे ओघानेच आलं. सलीम अली आणि अमेरिकेतले डिलन रिप्ले यांनी मिळून भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्यांच्यासारख्या माणसांनी १९७०च्या दशकात या पक्ष्याचा शोध घेतला, पण हाती काही लागलं नाही. मधूनच रानपिंगळा म्हणून एखादं छायाचित्र प्रसिद्ध व्हायचं आणि तो निघायचा आपला साधा पिंगळा. बहुतेकांनी मनातल्या मनात त्याला नामशेष धरलं होतं.

माझी गोष्ट या टप्प्यावरची. ९१-९२ साल असेल. माझे मामा तळोद्याकडे शेती करायचे आणि लाकूडफाट्यासाठी डोंगरात जायचे. मी पुस्तकातली चित्रं बघत बसलो होतो. मामा वाकून म्हणाले, “भाचा, उनमा बठेल व्हता. आसा पिंगळा मी देखा नही.” सकाळच्या उन्हात, बिनपानांच्या सागावर, माणसाला न घाबरता बसलेला. मी हसलो. रानपिंगळ्याची शेवटची नोंद मांडवीची आहे, तीही पाऊणशे वर्षांपूर्वीची, असं मी त्यांना पुस्तक उघडून दाखवलं. मामांना इंग्रजी येत नव्हतं. ते म्हणाले, “पुस्तकात आहे तर आसंल.” आणि विषय संपला.

मामांनी रानपिंगळाच पाहिला होता असा माझा मुळीच दावा नाही. साधा पिंगळाही थंडीत ऊन खातो. प्रश्न एवढाच, की मी विचारलंसुद्धा नाही. डोकं कोरं होतं की ठिपक्यांचं, हा एक प्रश्न पुरला असता.

आता मांडवीच्या चिठ्ठीकडे येतो. संग्रहालयातल्या पक्ष्याला काचेचे डोळे लावून फांदीवर बसवलेलं नसतं. पोटाला चीर देऊन मांस काढतात, कातडीला आतून औषध लावतात, कापूस भरतात, शिवतात आणि पायाला चिठ्ठी बांधतात. कुठे, कधी आणि कोणी हे तिच्यावर असतं. त्या चिठ्ठीशिवाय तो पक्षी म्हणजे नुसती पिसं. आमच्या हिशेबात व्हाउचरला जी किंमत, ती इथे चिठ्ठीला. आणि जसं प्रत्येक मुनिमाचं अक्षर वेगळं, तसा कातडी तयार करणाऱ्याचा हातही वेगळा असतो. कापूस किती भरला, टाके कसे घातले, कवटीचा कुठला भाग ठेवला, हे जाणकाराला ओळखू येतं.

माइनर्ट्सहागेनविषयी कुजबुज फार जुनी होती. संग्रहालयातून परवानगीशिवाय नमुने बाहेर नेल्यावरून त्याला १९१९च्या सुमारास पक्षी विभागात अठरा महिने येण्याची मनाई झाली होती. पण पुढे तो मोठा झाला आणि मोठ्या माणसाविषयी कोण बोलणार? त्याच्या मरणानंतर सव्वीस वर्षांनी, १९९३ मध्ये, ॲलन नॉक्स यांनी त्याच्या संग्रहातले काही छोटे पक्षी तपासून लबाडी उघड छापली. त्यानंतर अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या पामेला रासमुसेन यांनी या कामात हात घातला. त्या मूळ रिप्लेंच्या मदतनीस, दक्षिण आशियाच्या पक्ष्यांच्या नव्या ग्रंथासाठी जुने नमुने पडताळत होत्या. त्यांनी आणि लंडनच्या संग्रहालयातले रॉबर्ट प्रीस-जोन्स यांनी एकेक कप्पा उघडला. दुसऱ्यांनी मिळवलेले नमुने चोरून, चिठ्ठी बदलून, कधी कापूस बदलून आपल्या नावावर घातल्याची प्रकरणं शेकड्यांनी निघाली.

मांडवीचा पिंगळा त्यांतलाच. त्याचे एक्स-रे काढले, टाके पाहिले, आतलं भरण पाहिलं. वरवर तो नव्याने भरलेला होता. पण पहिल्या हाताच्या खुणा पूर्णपणे पुसल्या गेल्या नव्हत्या. त्या खुणा डेव्हिडसन यांच्या इतर नमुन्यांशी जुळल्या. म्हणजे १८८०च्या दशकात आमच्या तळोदे-शहाद्याच्या रानात मिळालेला, लंडनला गेलेला आणि तिथून चोरीला गेलेला हा पक्षी, खोट्या गावाचं आणि खोट्या सालाचं नाव घेऊन त्याच कपाटात परत आला होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सारं १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात मांडलं. मुंबईच्या एका स्नेह्याने त्या लेखाची झेरॉक्स पाठवली तेव्हा शब्दकोश घेऊन मी महिनाभर तो लेख वाचत होतो.

तारखेचाही एक मुद्दा आहे. ऑक्टोबर १९१४ मध्ये माइनर्ट्सहागेन पूर्व आफ्रिकेला निघालेल्या हिंदी फौजेबरोबर होता. ती जहाजं १६ ऑक्टोबरला मुंबईहून सुटली आणि नोव्हेंबरच्या आरंभी टांगाची लढाई झाली. युद्धाला निघालेला अधिकारी त्याच महिन्यात दोनशे मैलांवर तापीकाठी पिंगळा मारायला गेला, हे अशक्य म्हणत नाही. पण मी हिशेब तपासत असतो तर या व्हाउचरपाशी पेन्सिल थांबली असती.

एक गोष्ट मला विशेष लागते. सलीम अलींनी १९३७ मध्ये या माणसाबरोबर अफगाणिस्तानात मोहीम केली होती. त्याच्या रोजनिशीत त्यांच्याविषयी आणि हिंदी माणसांविषयी जे हिणकस लिहिलं होतं, ते अलींनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच उद्धृत केलं, तेही थोडं हसत. पण त्याची चिठ्ठी खोटी असेल ही शंका त्यांना आली नाही. १९८७ मध्ये ते गेले. पिंगळा सापडला त्याला आणखी दहा वर्षं लागली.

चिठ्ठी खोटी हे कळल्याबरोबर नकाशातलं मांडवी पुसलं गेलं. उरली जुनी खरी ठिकाणं. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले. आधी पूर्वेकडे, ब्लेविट आणि बॉल यांच्या मुलखात गेले. तिथे काही मिळालं नाही. मग डेव्हिडसन यांच्या वाटेने खानदेशात उतरले. २५ नोव्हेंबरला सकाळी शहाद्याजवळच्या डोंगरात, उघड्या फांदीवर उन्हात बसलेला रानपिंगळा किंग यांना दिसला. त्याचं व्हिडिओ चित्रणही झालं. एकशे तेरा वर्षांनी दिसला, तो जिथे होता तिथेच. शहादे तेव्हा अजून धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी, १ जुलै १९९८ला झाला.

आमच्या गावापासून हे ठिकाण काही फार लांब नाही. त्या सकाळी मी जिनमध्ये कापसाच्या गाड्यांचे काटे टिपत होतो. बातमी कळली ती बऱ्याच दिवसांनी, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर.

पुढचं वेगाने झालं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी लगेच पाहणी केली. तळोदे, तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशातलं खकनार इथे पक्षी मिळाले. मेळघाटात तर त्यांची चांगली वस्ती निघाली. २०१४ मध्ये मुंबईपासून हाकेच्या अंतरावर, तानसा अभयारण्यातही तो दिसला. आणि गंमत पाहा, गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यातही सापडला. मांडवीपासून ते फार दूर नाही. खोटं बोलणाऱ्याचा नेम चुकून खऱ्याजवळ पडला म्हणायचा. पण म्हणून व्हाउचर खरं ठरत नाही. २०१८ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून त्याला एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ यादीत आणलं. तरी प्रौढ पक्ष्यांचा अंदाज हजाराच्या आतलाच आहे.

मधल्या शंभर वर्षांत रान मात्र थांबलं नव्हतं. डेव्हिडसन यांना पक्षी मिळाले ते पायथ्याच्या सपाटीचे साग गेले, शेती आली. १९९०च्या दशकात सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी तळोद्याची सुमारे ४२०० हेक्टर वनजमीन मोकळी झाली. ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांना जमीन नको, असं मी म्हणणार नाही. त्यांतली कुटुंबं माझ्या ओळखीची आहेत. पण ती जमीन मोकळी होत होती तेव्हा तिथे रानपिंगळा असू शकतो हे म्हणायला कोणाकडे पुरावा नव्हता. पुरावा लंडनच्या कपाटात होता आणि त्यावर मांडवी लिहिलेलं होतं. खरी चिठ्ठी असती तर काही वेगळं झालं असतं का, ते सांगता येत नाही. निदान कोणी पाहायला तरी आलं असतं.

मामा २००३ मध्ये गेले. रानपिंगळा सापडल्याचं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांना त्याचं फार काही वाटलं नाही. ते गेल्यावर माझ्या जुन्या वह्या चाळताना ती नोंद सापडली. एकाच ओळीत लिहिलंय : ‘मामांनी पिंगळा पाहिला. साधाच असणार.’ तारीख नाही, डोंगराचं नाव नाही, झाड कुठलं तेही नाही. अठ्ठावीस वर्षं कीर्द लिहिणाऱ्या माणसाची ही नोंद. तळोद्याकडे गेलो की मी अजून मामींना विचारतो, मामा तेव्हा लाकडाला कुठल्या नाल्याने जायचे. त्या म्हणतात, एक का नाला होता बाबा.