१४. टर्नटेबलचा दाखला

टर्नटेबल म्हणजे एंजिनाचे तोंड फिरविण्यासाठी आसावर बसविलेला, रूळ जडलेला चबुतरा. ही टीप ज्या ग्रंथावर आहे त्यात अभिप्रेत असलेला दाखला म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘सू सिटी अँड पॅसिफिक रेलरोड विरुद्ध स्टाउट’ या मुकदम्यात १८७३ साली दिलेला निवाडा होय. नेब्रास्कातील ब्लेअर येथे असा एक चबुतरा पहाऱ्यावाचून व कुलपावाचून उघडा असे. तो फिरविण्याच्या खेळात सहा वर्षांच्या एका मुलाचा पाय फिरता रूळ व स्थिर रूळ यांच्या टोकांत सापडून चिरडला. परवानगीवाचून हद्दीत शिरलेल्याची जबाबदारी आपणांवर नाही, हा कंपनीचा उजर अमान्य करून न्यायालयाने ज्यूरीने ठरविलेली साडेसात हजार डॉलरांची भरपाई कायम केली. कारण मुले तेथे खेळावयास येतील हे ज्याला आधीच उमगावयास हवे, त्याने साधा अडसर घालण्यात कसूर करणे हा निष्काळजीपणाच होय. पुढे कॅन्ससमधील विषारी पाण्याच्या डबक्याने दोन मुलांचा बळी घेतला, त्या खटल्यात न्यायमूर्ती होम्स यांनी १९२२ मध्ये, मूल त्या घातक वस्तूच्याच मोहाने हद्दीत शिरलेले असावे, अशी संकोचक अट घातली. कायदेपंडितांनी १९३४ मध्ये सिद्ध केलेल्या अपकृत्यविधीच्या सारसंग्रहाने ही अट न स्वीकारता मालकाची पूर्वकल्पना, बालकाची अपक्व समज आणि वस्तूच्या उपयोगाच्या मानाने धोक्याची गुरुता, या अधिक न्याय्य कसोट्या मांडल्या. त्या ग्रंथाच्या कर्त्याने एका पडीक खाणीच्या मालकावर ठेवलेला ठपका याच कसोट्यांना धरून आहे.