सांधा आणि ठपका

स्टेनलेसला गंज चढत नाही, हे आपल्या घरातील पोरही जाणते. परंतु हेच पोलाद एके काळी जोडकामानंतर सांध्याशेजारी कुजत असे, ही हकिगत फारशी कोणी सांगत नाही.

शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली सुमारे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले. हा भट्टीवरल्या कामगाराचा मुलगा. बाराव्या वर्षी शाळा सोडून प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यास लागलेला. जर्मनीत क्रुप कारखान्याच्या श्ट्राउस व माउरर यांनी आदल्याच वर्षी क्रोमियमला निकेलची जोड दिली होती. त्यातून पुढे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेलचे पोलाद रूढ झाले.

या पोलादाच्या टाक्या नि नळ रासायनिक कारखान्यांत गेले. सांधा ताणून पाहावा तर पक्का. पण आम्ल भरले की काही काळाने सांध्यालगतच्या पट्ट्यातून धातूचे कण सुटू लागत. इंग्रजीत यास ‘वेल्ड डिके’ असे नाव पडले.

असे का व्हावे? क्रोमियममुळे पोलादावर एक अदृश्य पापुद्रा धरतो. तोच त्याचे रक्षण करतो. जोडताना सांध्याशेजारचा पट्टा ४५० ते ८५० अंशांत रेंगाळला, तर कार्बन कणाकणांच्या सीमेवर जाऊन क्रोमियमला गाठतो आणि त्याचे कार्बाइड बनते. सीमेलगत क्रोमियम १२ टक्क्यांखाली उतरते, पापुद्रा दुबळा होतो आणि आम्लाला वाट मिळते. अमेरिकेत बेन, ॲबॉर्न व रदरफर्ड यांनी १९३३ साली ही मीमांसा मांडली.

उपाय तीन निघाले: जोडलेली वस्तू १०५० अंशांच्या आसपास तापवून झटकन थंड करणे, कार्बनला अडकवून ठेवणारे टायटॅनियम वा नायोबियम घालणे, किंवा कार्बनच ०.०३ टक्क्यांखाली आणणे. हा तिसरा मार्ग १९६८ नंतर आर्गॉन व ऑक्सिजन फुंकण्याच्या पद्धतीने स्वस्त झाला.

आता पाहा, यांतील एकही उपाय एकट्या वेल्डरच्या हाती नाही. उष्णता बेताची ठेवणे, हात रेंगाळू न देणे, ही जबाबदारी त्याची, आणि ती त्याने पाळलीच पाहिजे. पण पत्रा निवडतो मालक, भट्टी उभारतो मालक. तरी सांधा कुजला की ठपका वेल्डरवर, हे आम्ही कितीदा तरी पाहिले आहे.

शिवाय त्या धुरात क्रोमियम असते. वेल्डिंगचा धूर माणसास कर्करोगकारक असल्याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली दिला. म्हणून सांधा बिघडला तर आधी पत्र्यातला कार्बन विचारावा. आणि सांधा उत्तम उतरला, तरी जोडणाऱ्याच्या तोंडापुढचा धूर खेचून घेण्याची काय सोय होती, हे विचारण्यास विसरू नये.