पंतोजी, शिक्षक, सुलभक : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात

मराठीतील ‘शिकविणे’ हे ‘शिकणे’ ह्या धातूचे प्रयोजक रूप होय. मूळ क्रियेचा कर्ता मूल. शिकविणारा केवळ प्रयोजक. व्याकरणाने केव्हाच मान्य केलेली ही गोष्ट शिक्षक-प्रशिक्षणाच्या इतिहासात मात्र फार उशिरा उमटली.

एकोणिसाव्या शतकात पंतोजीच्या जागी ट्रेनिंग कॉलेजातून ‘तयार’ झालेला मास्तर आला. पाठाचे टाचण आणि वरिष्ठांची तपासणी हा साचा दीर्घकाळ टिकला. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या बुनियादी शिक्षणानेही तो पुरता मोडला नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. सोलापूर जिल्ह्याची संस्था माळशिरस तालुक्यात वेळापूर येथे आहे. १९९४ मध्ये राज्यात केंद्रशाळांची योजना आली. साधारण दहा शाळांचे एक केंद्र, त्यावर केंद्रप्रमुख, आणि त्या शाळांतील शिक्षकांची दरमहा शिक्षण परिषद. शिक्षकाने शिक्षकाशी बोलावे, ह्यासाठी एवढी सोयीची जागा पूर्वी क्वचितच निर्माण झाली असेल.

तथापि ह्या परिषदेत अनेकदा परिपत्रकेच वाचली गेली. प्रशिक्षणवर्गांतून ‘सुलभक’ हा शब्द रूढ झाला. पण वरच्या पायरीवर ऐकलेले खालच्या पायरीवर सांगणारा, एवढाच त्याचा व्यवहारातील अर्थ पुष्कळदा उरला. नाव बदलले, बैठक तीच राहिली. शिवाय ‘सुलभ करणारा’ ही व्युत्पत्तीही काहीशी फसवी आहे. संवादात अडचण आधी उच्चारावी लागते; ती गुळगुळीत करणे हे नंतरचे काम.

सोलापुरात अशा अडचणींना तोटा नाही. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर ह्या तालुक्यांत कन्नड, शहरातील विणकर वस्त्यांत तेलुगू ही पुष्कळ मुलांची घरची भाषा. कन्नडात निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी. तेव्हा असे मूल ‘माझी पाटी’ ऐवजी ‘माझे पाटी’ म्हणाले तर नवल नाही. तेलुगूत एकवचनी ‘ती’ आणि ‘ते’ ह्यांना एकच सर्वनाम चालते. एकट्या शिक्षकाच्या लाल शाईला ही चूक दिसते. कन्नड किंवा तेलुगू जाणणारा सहशिक्षक शेजारी बसून बोलला, तर तिच्यामागचा नियम दिसतो, आणि मुलाला मठ्ठ ठरविण्याचे कारण उरत नाही.

२०२० मध्ये माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. चर्चा झाली ती मुख्यतः पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडची. रकमेचा निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना दिला, ह्याची दखल प्रशिक्षणशास्त्राने अधिक घ्यावयास हवी होती. केंद्राच्या मासिक परिषदेत मात्र ‘माझे पाटी’ हा विषय अजून क्वचितच विषयपत्रिकेवर येतो.