धाराशिवच्या मातींतील खो-खो

राष्ट्रीय संघाची निवड राजधानींत होते; पण तो घडतो दूरदूरच्या मैदानांवर. स्त्रियांच्या खो-खोचा इतिहास हेंच सांगतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं या खेळास नियमांची शिस्त लावली. तथापि स्त्रियांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरावयास १९६०-६१ साल उजाडलें. ती कोल्हापुरास भरली.

पुढें धाराशिवनें, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादनें, या खेळास सारिका काळे दिल्या. अवर्षणाशीं झगडणाऱ्या या जिल्ह्यांत जवळजवळ दहा वर्षें त्या दिवसांतून एकदांच जेवून खेळल्या. २०१६ सालीं गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेंत त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें सुवर्णपदक मिळविलें. पण पदकानें घरची ओढगस्त संपत नाहीं. त्याच वर्षीं त्यांनीं खेळ सोडण्याचें ठरविलें होतें. प्रशिक्षकांनीं समजूत घातली, तेव्हां त्या मैदानावर परतल्या. २०२० सालीं त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. त्या वेळीं त्या तुळजापूर तालुक्याच्या क्रीडाधिकारी होत्या.

जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस पहिली विश्वचषक स्पर्धा भरली. दक्षिण आफ्रिकेच्या मुलीहि तेथें उपान्त्य फेरीपर्यंत पोंचल्या. भारतानें त्यांस ६६–१६ असें हरविलें आणि अंतिम सामन्यांत नेपाळवर ७८–४० अशी मात केली. त्या विजयी संघांत धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या.

खो-खोंत ‘खो’ देणारी बसते आणि पुढची उठून धांवते. त्या पुढचीस उपाशीं पोटीं धांवावें लागूं नये, हें पाहणें मात्र समाजाचें कर्तव्य होय.