बाहेरचे दार

शत्रूच्या मुलखात विमान कोसळले की वैमानिकाच्या धैर्याची कसोटी लागते. त्याची सुटका मात्र अनोळखी माणसांच्या उंबरठ्यावर ठरते. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बेल्जियममधील आंद्रे द याँग या तरुणीने सहकाऱ्यांसह ‘कॉमेट’ ही गुप्त वाट उभारली. ब्रुसेल्सहून फ्रान्समार्गे, पिरेनीज पर्वत ओलांडून, शेकडो वैमानिक स्पेनला पोहोचले. त्यांना आश्रय देणाऱ्या अनेकांच्या वाट्याला छळछावणी वा मृत्यू आला.

याच्या उलट अनुभव फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचा. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचे विमान पाकिस्तानात पाडले गेले. ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या बंदिवासातून, भिंतीला भगदाड पाडून, ते ग्रेवाल व हरीश सिंहजी या सहकाऱ्यांसह निसटले. पेशावरमार्गे अफगाण सरहद्दीजवळच्या लंडी कोतलपर्यंत ते पोहोचलेही. तेथे त्यांनी लंडी खाना स्थानकाची चौकशी केली. तेथवरची रेल्वे १९३२ सालीच बंद झाली होती! संशय बळावला आणि तिघेही पकडले गेले. डिसेंबर १९७२ मध्ये ते मायदेशी परतले.

धाडसात तिळमात्र उणीव नव्हती. वाट सांगणारे आपले माणूस तेवढे नव्हते. बेचाळीसच्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्याच्या मुलखात वर्षानुवर्षे भूमिगत राहू शकले, ते गावकऱ्यांच्या भाकरीमुळे आणि मौनामुळे. अशा कामाची दप्तरी नोंद नसते. आपल्या सीमाभागातील वडीलधाऱ्यांकडे तशा आठवणी असतील, तर त्या वेळीच लिहून ठेवल्या पाहिजेत.