शिकागो: पहिल्या वॉर्डाचा कारभार

विल्यम स्टेड या इंग्रज पत्रकाराने १८९४ साली शिकागो शहराविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याला एक नकाशा जोडलेला होता. शहराच्या पहिल्या वॉर्डातील एका लहानशा मतदान-विभागाचा तो नकाशा. दारूचे गुत्ते, गहाणवटीची दुकाने, निराश्रितांची मुक्कामघरे यांच्या खुणा त्यात होत्या, आणि कुंटणखाने तांबड्या रंगाने दाखविले होते. एवढ्यावर न थांबता, ज्या घरांत हा धंदा राजरोस चाले त्यांचे मालक कोण व त्यांवरील कर कोणाच्या नावे जमा होतो, याचा शोध सरकारी दप्तरातून घेऊन स्टेडने ती नावेही छापली, आणि त्यांत शहरातील प्रतिष्ठित गृहस्थ निघाले. आदल्याच वर्षी याच शहरात जागतिक प्रदर्शन भरले होते, आणि त्या निमित्ताने झालेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले म्हणून शिकागोचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाऊ लागले. ज्या वास्तूत ते भाषण झाले, तेथून स्टेडच्या नकाशातील ती घरे पायी जाण्याच्या अंतरावर होती.

शिकागोतील गुन्हेगारीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे अल कपोन उभा राहतो, आणि चित्रपटांच्या कृपेने तो प्रत्यक्षाहून मोठा होऊन उभा राहतो. हा समज मला घातक वाटतो. कारण त्यामुळे गुन्हेगार हा राज्यकारभाराबाहेरचा, त्यावर चालून आलेला शत्रू ठरतो, आणि ज्यांनी त्याला आसरा दिला ते कारभारी इतिहासाच्या तावडीतून निर्दोष सुटतात. वस्तुस्थिती अशी की, १८७१ च्या महाभयंकर आगीत बेचिराख झालेले हे शहर पुन्हा उभे राहत होते, तेव्हाच मायकेल मॅकडोनाल्ड नावाच्या इसमाने क्लार्क आणि मन्रो या रस्त्यांच्या चौकात मोठे जुगारघर थाटले होते, आणि १८७९ साली कार्टर हॅरिसन महापौरपदी निवडून आले त्या निवडणुकीत त्याचे वजन हॅरिसन यांच्या पारड्यात पडले होते. जुगारवाल्यांनी पैका पुरवावा, पक्षाने मते मिळवावीत आणि पोलिसांनी वरच्या इशाऱ्याप्रमाणे डोळे मिटावेत, हा शिरस्ता तेव्हाच पडला. कपोनचा तर तोवर जन्मही झाला नव्हता.

या शिरस्त्याला शास्त्राचे रूप दिले ते जॉन कफलिन आणि मायकेल केना या जोडगोळीने. कफलिन स्नानगृहात गिऱ्हाइकांचे अंग रगडण्याचे काम करीत वर आला, म्हणून त्याला लोक आयुष्यभर ‘बाथहाऊस जॉन’ म्हणत; धिप्पाड देहाचा, भडक रंगांच्या कपड्यांचा शौकीन आणि बोलघेवडा. केना बुटका, मितभाषी, पोरवयात वर्तमानपत्रे विकलेला, हिशेबात पक्का. कफलिन १८९२ साली आणि केना १८९७ साली पहिल्या वॉर्डाचा आल्डरमन झाला; त्या काळी प्रत्येक वॉर्डातून दोघेजण नगरसभेत बसत. हा वॉर्डही विलक्षण होता. नगरसभागृह, बँका, मोठमोठी दुकाने आणि श्रीमंत हॉटेले त्याच्याच हद्दीत, आणि त्यांच्या पाठीमागे, दक्षिणेकडच्या गल्ल्यांत, ‘लेव्ही’ नावाने ओळखली जाणारी गुत्त्यांची व कुंटणखान्यांची वस्ती.

केनाचा क्लार्क रस्त्यावरील गुत्ता पाहिल्यावाचून या कारभाराचे मर्म समजणार नाही. पाच सेंटांत भलामोठा प्याला भरून बिअर आणि तिच्याबरोबर फुकट जेवण, असा तेथला रिवाज. बेकार मजूर, भटके आणि नुकतेच बोटीतून उतरलेले परदेशी तेथे हिवाळ्याच्या रात्री ऊब घेत बसत. त्यांना निजायला जागा, थोडेफार काम, पकडले गेल्यास जामीन, हे सारे केनाकडून मिळे. निवडणूक आली की याच मंडळींची नावे मुक्कामघरांच्या पत्त्यांवर मतदारयादीत चढत. गुप्त मतदानाचा कायदा होऊन छापील सरकारी मतपत्रिका आल्या, तेव्हा सुधारकांना वाटले की मतांची खरेदी आता संपली. परंतु केनाच्या माणसांनी त्यावरही तोड काढली. मतदाराच्या हाती आधीच खुणा केलेली मतपत्रिका द्यावयाची, त्याने ती पेटीत टाकून केंद्रावर मिळालेली कोरी पत्रिका खिशात घालून परत आणावयाची, आणि ती हाती पडली की त्याला पन्नास सेंट मोजावयाचे. मग त्याच कोऱ्या पत्रिकेवर खुणा करून ती पुढच्या मतदाराच्या हवाली करावयाची. दिवसभर ही साखळी अखंड चाले.

दरसाल डिसेंबरात हे दोघे ‘फर्स्ट वॉर्ड बॉल’ नावाचा नृत्यसमारंभ भरवीत. लेव्हीतील प्रत्येक कुंटिणीने, गुत्तेवाल्याने आणि जुगारवाल्याने त्याची तिकिटे घेतलीच पाहिजेत, असा दंडक होता. न घेणाऱ्यावर धाड पडे. समारंभात शॅम्पेनचा पूर वाहे, आणि खिसेकापू व वेश्यांच्या गर्दीत पोलीस अंमलदार आणि राजकारणी उघडपणे वावरत. नाचगाण्याच्या मिषाने केलेली ती वार्षिक वसुली होती, आणि तिचा पैसा निवडणुकीच्या थैलीत जाई. १९०८ साली कोलिझियममध्ये झालेला समारंभ अखेरचा ठरला. पुढच्या वर्षी लोकमताच्या दडपणामुळे महापौरांनी दारूचा परवाना नाकारला.

केनाच्या उदारतेचे गोडवे गाणारे लेखक पुष्कळ झाले. सरकार ज्याची विचारपूस करीत नव्हते त्या गरिबाला केनाने घास दिला, हे खरेच आहे, आणि सुधारक मंडळींना त्या भुकेचे महत्त्व कधी नीट उमगले नाही, हेही खरे आहे. पण तो घास कोणाच्या मोलाने मिळत होता? लेव्हीतील बंद खोल्यांत ज्या मुली, कित्येकदा फसवून आणलेल्या, कर्जात अडकवून ठेवल्या जात, त्यांच्या देहावर हा दानधर्म चालला होता. शहराने नेमलेल्या चौकशी मंडळाने १९११ साली या धंद्याचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात अशा सुमारे पाच हजार स्त्रियांचा अंदाज दिला होता आणि वार्षिक नफा दीड कोट डॉलरांच्या घरात सांगितला होता. तो अहवाल अश्लील ठरवून टपालखात्याने त्याच्या वाटपावर बंदी घातली. मुलींची खरेदी-विक्री वर्षानुवर्षे खपली आणि तिची नोंद मात्र खपली नाही, ही गोष्ट आजही वाचताना मनाला यातना देते.

मोठ्या लाचेपासून हे दोघे दूर राहत. चार्ल्स यर्कीझ या ट्राममालकाला १८९८ साली रस्त्यांचा पन्नास वर्षांचा मक्ता हवा होता आणि त्यासाठी आल्डरमनांना तो हवी ती किंमत देण्यास सिद्ध होता. त्या वेळी महापौर धाकटे हॅरिसन यांच्या बाजूने कफलिन आणि केना यांनी मक्त्याविरुद्ध मत दिले, आणि यर्कीझचा डाव फसला. यात सद्‌गुण शोधण्याचे कारण नाही. महापौराची मेहेरनजर राहिली तर लेव्हीची नित्याची वसुली निर्वेध चालणार होती.

या वसुलीच्या पदरी असलेला रस्ते झाडणारा जेम्स कोलोसिमो हा मते जमविता जमविता वेश्याव्यवसायाचा सम्राट झाला. १९२० च्या जानेवारीत सबंध देशात दारूबंदी लागू झाली आणि मे महिन्यात वाबॅश अॅव्हेन्यूवरील त्याच्याच उपाहारगृहात त्याचा खून झाला. त्याच्या अंत्ययात्रेत न्यायाधीश आणि आल्डरमन सामील झाले, आणि कफलिनने शवपेटीजवळ गुडघे टेकून प्रार्थना म्हटली. कोलोसिमोच्या गादीवर जॉनी टोरिओ आणि त्याच्यामागून कपोन आला. दारूबंदीने पैशाचा ओघ शतपट वाढविला आणि पिस्तुलाची जागा मशीनगनने घेतली. पण कपोन हा बांधलेल्या घरात राहावयास आलेला भाडेकरू होता, घर त्याच्या आधी तीस-चाळीस वर्षे बांधून झाले होते. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी क्लार्क रस्त्यावरच्या गॅरेजात सात जणांची कत्तल झाली, तिच्याबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. पुढच्या वर्षी ‘ट्रिब्यून’चा बातमीदार जेक लिंगल गोळी घालून मारला गेला, तेव्हा आठवड्याला पासष्ट डॉलर पगाराचा हा माणूस सरदाराच्या थाटात राहत होता, हे उघडकीस आले. कपोनला १९३१ साली अकरा वर्षांची शिक्षा झाली ती खुनांसाठी नव्हे, प्राप्तिकर बुडविल्याबद्दल, आणि तो खटला शहराने नव्हे तर वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारने चालविला.

कफलिन १९३८ साली आणि केना १९४६ साली वारला. पद्धत मात्र जिवंत राहिली. ‘सन-टाइम्स’ या दैनिकाने १९७७ साली वेल्स रस्त्यावर ‘मिराज’ नावाचा एक जुनाट गुत्ता स्वतः विकत घेतला. बातमीदार गल्ल्यावर बसले आणि छायाचित्रकार आडोशाला लपले. इमारतीतील वायरिंग व नळ धोक्याचे होते. आगीपासून बचावाची, आरोग्याची, बांधकामाची तपासणी करणारे सरकारी निरीक्षक एकामागून एक आले, दहा-वीस डॉलरांची पाकिटे घेतली आणि संमती देऊन गेले. कोणत्या निरीक्षकाच्या पाकिटात किती घालावे, हे समजावून सांगणारा हिशेबनीसही बातमीदारांना आपसूक भेटला. या साऱ्या प्रकाराची लेखमाला १९७८ च्या जानेवारीत छापली गेली.

या साखळीची सर्वांत उंच कडी न्यायासनापर्यंत पोहोचली होती. ‘ऑपरेशन ग्रेलॉर्ड’ या गुप्त तपासात केंद्रीय पोलिसांनी १९८० च्या सुमारास शिकागोच्या न्यायालयांत खोटे खटले आणि लाच देणारे बनावट वकील पेरले, एका न्यायाधीशाच्या खोलीत ध्वनियंत्रही बसविले, आणि अखेरीस पंधरा न्यायाधीश दोषी ठरले. त्यानंतरच्या तपासात सापडलेला थॉमस मलोनी हा खुनाच्या खटल्यांत पैसे घेऊन आरोपी सोडीत असे, हे १९९३ साली सिद्ध झाले. मग त्याने फाशीची शिक्षा सुनावलेल्यांपैकी दोघांनी विचारले की, पैसे देणाऱ्यांना सोडल्याचा संशय येऊ नये म्हणून हा न्यायाधीश पैसे न देणाऱ्यांवर अधिक कठोर होत नव्हता कशावरून? १९९७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांपैकी एकाच्या अर्जावर एकमताने असे ठरविले की, या शंकेचा पुरावा शोधण्याचा त्याला हक्क आहे. २००२ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने त्या दोघांची फाशी रद्द करून शिक्षेचा प्रश्न नव्याने चालविण्याचा हुकूम दिला. ते दोषी असल्याचा निर्णय मात्र कायम राहिला.