शिक्का कुणाचा, मोर्तब कुणाचे?

परवा पुतण्या घाईघाईने आला. "आत्या, उद्या भिवंडीला रजिस्ट्रेशन आहे, कागद एकदा नजरेखालून घाल."

अंबाडी नाक्यापासून थोडं आत आमची वडिलोपार्जित दोन एकर जमीन आहे. गोदामं सरकत सरकत वाडा रस्त्यापर्यंत आली, तेव्हा आज ना उद्या कुणीतरी ती मागणार होतंच. मागणारी एक एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी. भाडेकरार पंधरा वर्षांचा. शेवटच्या पानावर रबरी शिक्का, आणि सही करणार ते गृहस्थ, जे दोन महिने घरी येऊन चहा पिऊन जात होते.

"हे कोण?" मी विचारलं.
"कंपनीचे साहेब."
"साहेब म्हणजे भागीदार?"
पुतण्या गप्प.

आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे शिक्का दिसला की माझं मन मागे धावतं. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण एका दमात म्हणतो, पण त्यात शिक्के दोन आहेत. शिवकालीन पत्रात आधी मुख्य मुद्रा उमटायची आणि मजकूर संपला की 'मर्यादेयं विराजते' असा मोर्तबाचा छोटा शिक्का. पहिला सांगायचा, हुकूम कुणाचा. दुसरा सांगायचा, हुकूम इथे संपला, यापुढे कुणी एक ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. पुढे पेशव्यांच्या मुद्रेत आधी शाहूराजांचं नाव असे आणि मग पेशव्याचं, 'मुख्य प्रधान' म्हणून. सही कोण करतो याच्याइतकंच तो कुणाच्या वतीने करतो हेही त्या मुद्रेवरून कळायचं.

कंपनीची अडचण अशी की तिला हात नाहीत. तिच्या वतीने कुणीतरी माणूसच सही करणार. मग त्याला अधिकार होता की नाही, हे बाहेरच्याने कसं ओळखायचं? या प्रश्नावर 1856 साली इंग्लंडात एक प्रसिद्ध निकाल लागला. एका कंपनीच्या दोन संचालकांनी शिक्का मारून रॉयल ब्रिटिश बँकेला कर्जरोखा दिला. कर्ज काढायला सभासदांच्या सभेचा ठराव लागत होता, आणि कंपनी म्हणू लागली की तसा ठराव झालेलाच नाही. न्यायालय म्हणालं, नियमावलीत अधिकार दिसतो ना? मग आत सभा रीतसर झाली की नाही, हे बाहेरच्याने शोधत बसायला नको. हे तत्त्व आपल्या न्यायालयांनीही मानलं.

पण याला मर्यादा आहे. 1906 च्या दुसऱ्या एका खटल्यात कंपनीच्या सचिवाने संचालकांच्या खोट्या सह्या करून शिक्का मारला होता. तिथे न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं नाही. शिक्का खरा असून काय उपयोग! आपल्याकडेही 2015 च्या दुरुस्तीने कंपनीला शिक्का ऐच्छिक झाला. एलएलपीला तर 2008 च्या मूळ कायद्यातच तो ऐच्छिक आहे. म्हणजे रबरी शिक्का पाहून निर्धास्त व्हायचे दिवस गेले.

एलएलपीत प्रत्येक भागीदार हा संस्थेचा प्रतिनिधी असतो. पण भागीदाराला एखाद्या कामाचा अधिकार नसेल आणि समोरच्याला ते ठाऊक असेल, किंवा तो भागीदार आहे हेच समोरच्याला माहीत नसेल, तर संस्था बांधली जात नाही. आणि जो भागीदारच नाही, त्याला तर लेखी अधिकार हवाच.

मग नातीला बसवलं. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संस्थेचं नाव टाकलं की नेमलेल्या भागीदारांची नावं दिसतात. दोन नावं आली. चहा पिणाऱ्या साहेबांचं त्यात नव्हतं.

रजिस्ट्रेशन पुढे ढकललं. पुतण्या दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आगाऊ रकमेचा चेक हातचा जाईल अशी त्याला धास्ती. साहेबांकडे आम्ही तीन गोष्टी मागितल्या: भागीदारी कराराची प्रत, याच जमिनीच्या व्यवहाराचा उल्लेख असलेला ठराव, आणि त्यांच्या नावे अधिकारपत्र. त्यावर त्या दोघा भागीदारांच्या सह्या हव्यात, आणि त्या त्यांच्या ओळखपत्रांवरच्या सह्यांशी जुळायला हव्यात.

आठवड्याने साहेब सगळं घेऊन आले. माणूस प्रामाणिक निघाला. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, तर तेच म्हणाले, "बाई, बरं झालं मागितलंत. दहा ठिकाणी सह्या करतो, पण माझ्या हातात असा कागद कधी कुणी दिला नव्हता."

खरंच आहे. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे अधिकार नसताना प्रतिनिधी म्हणून मिरवणाऱ्याला नुकसान स्वतःच्या खिशातून भरावं लागू शकतं. म्हणजे तो कागद आमच्याइतकाच त्यांच्याही रक्षणाचा होता.

असो. चेक मिळाला, पुतण्याही बोलू लागला. तुमच्यापैकी कुणाच्या दारात असे शिक्केवाले आले, तर चहा जरूर द्या. सहीआधी तेवढा ठराव मागा.